ऑफ-रोड गाडीचे ढिले स्टिअरिंग: प्ले शोधण्याची आणि काढण्याची पद्धत

खडबडीत वाटांवर चालणाऱ्या गाडीचे स्टिअरिंग ढिले झाले की बहुतेकांचा हात आधी स्टिअरिंग बॉक्सच्या (स्टिअरिंगचे फिरणे रॉडांकडे पोहोचवणाऱ्या दातेरी पेटीच्या) अ‍ॅडजस्टिंग स्क्रूकडे जातो. तो स्क्रू सहज दिसतो, एक पाना आणि एक स्क्रूड्रायव्हर एवढ्यावर काम भागते आणि काही मिनिटांत स्टिअरिंग घट्ट झाल्यासारखे वाटते. दुखणे मात्र बहुधा दुसरीकडेच असते. टाय रॉडचा (चाके वळवणाऱ्या दांड्याचा) एखादा एंड झिजलेला असतो, पॅनहार्ड रॉडच्या (एक्सलला आडवे सरकू न देणाऱ्या दांड्याच्या) बोल्टचे भोक लांबट झालेले असते किंवा व्हील बेअरिंग सैल पडलेले असते. अशा वेळी बॉक्स आवळला तर जुना प्ले, म्हणजे सांध्यांतील मोकळी हालचाल, तसाच राहतो आणि चांगल्या बॉक्सचे दात मात्र अकारण घासू लागतात. म्हणून या लेखातील क्रम टायरपासून सुरू होऊन बॉक्सपाशी संपतो: आधी टायर, मग रॉड आणि त्यांचे सांधे, मग शाफ्ट, मग चाक उचलून बेअरिंग आणि नकल (चाकासोबत वळणारा, चाकाला धरणारा भाग) आणि सर्वांत शेवटी बॉक्स आवळणे.

तक्रार नेमकी कोणती आहे

‘स्टिअरिंग ढिले आहे’ या एकाच वाक्यात चार निरनिराळ्या तक्रारी सांगितल्या जातात आणि त्यांची कारणेही निरनिराळी असतात. पहिली म्हणजे खरा प्ले, अर्थात स्टिअरिंग व्हील थोडे फिरवूनही पुढची चाके न वळणे. दुसरी म्हणजे गाडी सरळ रस्त्यावर एका रेषेत न राहणे आणि सतत बारीक दुरुस्त्या कराव्या लागणे. यात प्ले असेलच असे नाही, टायरमधील हवा, टो-इन (पुढची चाके समोरून किंचित आत वळलेली असणे) किंवा कॅस्टरचा कोन (चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे झुकलेला कोन) बिघडला तरीही हेच जाणवते. तिसरी तक्रार अशी, की खड्डा आला की स्टिअरिंग व्हील स्थिर धरलेले असतानाही गाडी आपोआप बाजूला वळते. हा रॉडच्या कोनांचा दोष असतो. चौथी सर्वांत भयावह: ठरावीक वेगात एखाद्या धक्क्यानंतर पुढची चाके जोरजोरात डावी-उजवी थरथरू लागतात आणि वेग बराच कमी केल्याशिवाय थांबत नाहीत. सॉलिड फ्रंट एक्सलच्या (पुढची दोन्ही चाके एकाच अखंड एक्सलवर असलेल्या) गाड्यांत हा प्रकार अधिक दिसतो. तो सुरू झाल्यास ब्रेक एकदम दाबू नये, स्टिअरिंग घट्ट पण सहज धरून अ‍ॅक्सिलरेटर सोडावा, गाडी हळूहळू मंदावू द्यावी आणि कारण सापडेपर्यंत ती वेगात चालवू नये.

खरा प्ले मोजणे सोपे आहे. गाडी सपाट जागेवर, चाके सरळ ठेवून उभी करावी. पॉवर स्टिअरिंग असल्यास इंजिन चालू ठेवावे, कारण इंजिन बंद असताना बॉक्समधील टॉर्शन बारची (थोड्या पिळल्या जाणाऱ्या कांबीची) स्वाभाविक हालचालही प्लेसारखी भासते. स्टिअरिंग व्हीलच्या कडेजवळ एक पट्टी स्थिर धरून, पुढचे चाक हलू लागेपर्यंत व्हीलची कड किती सरकते ते दोन्ही दिशांना पाहावे. बॉक्स असलेल्या गाड्यांसाठी अनेक उत्पादक ३० मिमीच्या आसपास कमाल मर्यादा देतात, रॅक-पिनियनच्या (बॉक्सऐवजी आडवी सरकणारी दातेरी पट्टी असलेल्या) गाड्यांत ती बरीच कमी असते. आपल्या गाडीचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा आणि आपण मोजलेला आकडा लिहून ठेवावा, कारण प्रत्येक दुरुस्तीनंतर त्याच्याशीच तुलना करायची आहे.

आधी टायर

ही पायरी क्षुल्लक वाटते म्हणून वगळली जाते. वाळूत किंवा चिखलात जाण्यासाठी कमी केलेली हवा पुन्हा भरायची राहून गेली, तर डांबरी रस्त्यावर स्टिअरिंग मऊ आणि उशिरा प्रतिसाद देणारे लागते. चारही टायरांची हवा थंड असताना तपासावी. टायरवर गोळा किंवा फुगवटा आहे का, ट्रेड (टायरचा रस्त्याला टेकणारा नक्षीचा थर) एका बाजूने करवतीच्या दातांसारखा झिजला आहे का, हे तळहात फिरवून पाहावे. असा ट्रेड टो बिघडल्याचे सांगतो. मोठ्या गुटक्यांचे मड टायर पक्क्या रस्त्यावर मुळातच थोडे लवचिक वागतात आणि तेवढा फरक कोणत्याही पान्याने जाणार नाही, हे मान्य करावे लागते. व्हील नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) तपासून मगच पुढे जावे.

दोन माणसांची तपासणी

संपूर्ण निदानातील सर्वांत मोलाची चाचणी हीच आहे आणि तिच्यासाठी गाडी जॅकवर घेण्याची गरज नसते. उलट पुढची चाके जमिनीवर, गाडीच्या पूर्ण वजनाखालीच हवीत, कारण टायरचा रस्त्याशी होणारा विरोध असल्याखेरीज झिजलेले सांधे आपला प्ले दाखवत नाहीत. गिअर न्यूट्रलमध्ये (ऑटोमॅटिक गाडीत पार्कमध्ये) ठेवावा, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. एकाने आत बसून इंजिन चालू करावे आणि स्टिअरिंग व्हील मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण पाव फेरा, न थांबता, छोट्या झटक्यांनी हलवत राहावे. दुसऱ्याने टॉर्च घेऊन पुढच्या बाजूने खाली पाहावे. बोटे रॉड आणि एक्सल यांच्या मध्ये कधीही घालू नयेत. सांध्यावर हात ठेवून हालचाल अनुभवायची असल्यास हात सांध्याच्या बाहेरच्या बाजूने, चिमटा बसणार नाही असा ठेवावा.

पाहायचे ते एवढेच: एकमेकांना जोडलेल्या दोन भागांपैकी पहिला हलतो तेव्हा दुसरा त्याच क्षणी हलतो का. सुरुवात स्टिअरिंग बॉक्सपासून करावी. बॉक्समध्ये शिरणारा शाफ्ट फिरला, पण खाली निघणारा ड्रॉप आर्म क्षणभर थांबून मग हलला, तर प्ले बॉक्सच्या आत आहे. ड्रॉप आर्म हलला आणि ड्रॅग लिंक (ड्रॉप आर्मपासून नकलकडे जाणारा दांडा) उशिरा हलली, तर त्यांच्यामधला बॉल जॉइंट झिजला आहे. ड्रॅग लिंकपासून नकलपर्यंत आणि तिथून टाय रॉडच्या दोन्ही टोकांपर्यंत असेच जावे. खराब सांध्यात बॉलचा दांडा आपल्या खोबणीत वर-खाली किंवा आडवा सरकताना स्पष्ट दिसतो. टाय रॉड स्वतःभोवती थोडा गोल फिरतो, ती हालचाल मात्र दोष नव्हे, तो सांध्याचा गुणधर्मच आहे.

कॉइल स्प्रिंगच्या सॉलिड एक्सलवर पॅनहार्ड रॉडकडे विशेष लक्ष द्यावे. हा रॉड एक्सलला चॅसिसखाली आडवे सरकू देत नाही. स्टिअरिंग हलवताना चॅसिसच्या मानाने एक्सलच डावीकडे-उजवीकडे सरकताना दिसला, तर रॉडचे बुश (टोकांतील रबरी नळकांडी) गेलेले आहेत किंवा बोल्ट आपल्या भोकात खेळतो आहे. इथे हालचाल एक-दोन मिलिमीटरचीच असते, तरी रस्त्यावर ती मोठी जाणवते आणि वर सांगितलेल्या थरथरण्याच्या प्रकाराचे हे एक नेहमीचे मूळ आहे. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत याच जागी शॅकलचे (पाट्याचे टोक चॅसिसला जोडणाऱ्या झुलत्या कडीचे) बुश, पाट्याच्या डोळ्यातील बुश आणि यू-बोल्ट तपासावेत.

स्टिअरिंग बॉक्स चॅसिसवर पक्का बसला आहे का, हेही याच वेळी दिसते. मोठे टायर लावलेल्या आणि दगडांत अडकून स्टिअरिंगवर वारंवार जोर पडलेल्या गाडीत बॉक्सचे बोल्ट सैल होतात आणि त्यांच्याभोवतीचा चॅसिसचा पत्रा कधीकधी तडकतो. बोल्टच्या वॉशरभोवती तांबूस, पिठासारखी बारीक भुकटी जमलेली दिसली तर तो भाग आतल्या आत घासतो आहे असे समजावे. चिखल धुऊन टाकल्यावर रंगातील केसासारखी रेघ आणि तिच्या कडेने ओघळलेला गंज दिसला तर ती तडा गेल्याची खूण आहे. असा तडा भरून काढण्यासाठी वेल्डिंग आणि मजबुतीची पट्टी लागते. ते काम कुशल वेल्डरकडूनच करून घ्यावे.

शेवटी बॉनेट उघडून स्टिअरिंग शाफ्टचे युनिव्हर्सल जॉइंट, घसरणारा तुकडा आणि रबरी कपलिंग पाहावे. जॉइंटच्या दोन्ही बाजूंना शाफ्ट धरून विरुद्ध दिशांना पिळला की प्ले हाताला कळतो. जॉइंट आवळणारा बोल्ट थोडा सैल असणे हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित कारण आहे.

चाक उचलून

आता पुढचे एक चाक उचलून एक्सल भक्कम स्टँडवर टेकवावा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून तिच्याखाली जाऊ नये. चाक घड्याळातील बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर ढकलावे. हालचाल जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल नाहीशी झाली तर व्हील बेअरिंग सैल आहे. ती तशीच राहिली तर दोष बॉल जॉइंटमध्ये किंवा किंगपिनमध्ये (नकल ज्यावर वळते त्या खुंटीमध्ये) आहे. यानंतर चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. इथे वरच्या-खालच्यापेक्षा जास्त प्ले लागला तर संशय टाय रॉडवर.

पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत ज्या भुजेवर स्प्रिंगचा भार येतो त्या भुजेखाली आधार द्यावा, नाहीतर स्प्रिंगचा ताण बॉल जॉइंट दाबून धरतो आणि झीज दिसत नाही. रॅक-पिनियन असल्यास रॅक धरून ठेवणारे रबरी बुश आणि रबरी नळीच्या आत लपलेला आतला टाय रॉड जॉइंट तपासावा. नळीवरून हात ठेवून चाक हलवले की तो जॉइंट टकटकताना जाणवतो. काही जुन्या गाड्यांत बॉक्ससमोरच्या बाजूला आयडलर आर्म असतो. तो वर-खाली हलत असल्यास त्याचाही बुश गेलेला समजावा.

दुरुस्ती

टाय रॉड एंड बदलण्याआधी जुन्या एंडची लांबी मोजावी, म्हणजे बॉलच्या मध्यापासून रॉडवरील एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे, आणि एंड काढताना फेरेही मोजावेत. असे केले की नवा एंड बसवल्यावर टो फार बिघडत नाही. अनेक टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, त्यामुळे जोर लावण्याआधी आट्यांची दिशा पाहावी. स्प्लिट पिन काढून नट सैल करावा, पण दोन-तीन आटे तसेच ठेवावेत. मग ज्या भुजेच्या डोळ्यात बॉलचा निमुळता दांडा बसला आहे त्या डोळ्याच्या बाजूवर हातोड्याचा नेमका, जोरदार ठोका द्यावा. डोळा क्षणभर ताणला जातो आणि दांडा सुटतो. दांड्याच्या टोकावर ठोके देऊ नयेत, आटे चेपतात. दोन दात्यांचे पाचर ठोकले तर काम होते, पण रबरी बूट फाटतो, म्हणून तो एंड पुन्हा वापरायचा असल्यास पुलरच (ओढून काढण्याचे अवजारच) बरा. नवा एंड बसवताना नट सांगितलेल्या टॉर्कपर्यंत आवळावा आणि पिनचे भोक खाचेशी जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळावा. पिन बसावी म्हणून तो कधीही मागे सैल करू नये. स्प्लिट पिन नेहमी नवी वापरावी.

ग्रीस निपल असलेल्या सांध्यांना ओढा पार केल्यानंतर लवकरात लवकर ग्रीस द्यावे. जुने, पाण्याने दुधाळ झालेले ग्रीस बाहेर येऊन ताजे दिसू लागेपर्यंत गन चालवावी. मात्र झिजलेला सांधा ग्रीस भरून घट्ट होत नाही, फक्त आवाज थोडे दिवस दबतो.

पॅनहार्ड रॉडचा किंवा भुजांचा रबरी बुश बदलल्यावर त्याचा बोल्ट आधी हातानेच बसवावा, गाडी चाकांवर उतरवून पूर्ण वजन पडू द्यावे आणि मगच टॉर्क द्यावा. एक्सल लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर गाडी खाली आल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. ब्रॅकेटचे भोक लंबगोल झाले असेल तर जाड वॉशर लावून किंवा बोल्ट आणखी आवळून भागत नाही. भोक भरून पुन्हा मापात करावे किंवा योग्य भोकाची जाड पट्टी वेल्ड करून घ्यावी.

टेपर रोलर व्हील बेअरिंगसाठी बाहेरचा हब किंवा लॉकिंग हब उतरवावा लागतो. लॉक वॉशर सरळ करून बाहेरचा नट काढावा, मग चाक फिरवत आतला नट आवळून रोलर आपल्या जागी बसवावेत, नट सैल करावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या हलक्या टॉर्कवर किंवा कोनावर पुन्हा आणावा. चाक अडखळत नाही आणि वर-खाली खेळतही नाही, ही त्याची योग्य जागा. शेवटी लॉक वॉशरची कड नटावर दुमडायला विसरू नये. बेअरिंगच्या कड्यांवर निळसर डाग किंवा खड्डे दिसले तर आवळून उपयोग नाही, नवे बेअरिंग आणि सील घालावे. बंद गोल नकलच्या गाड्यांत किंगपिनच्या बेअरिंगचा दाब शिमने (पातळ चकत्यांनी) ठरतो: शिम कमी केली की दाब वाढतो. टाय रॉड सोडवून, स्प्रिंग बॅलन्सने नकल ओढून ती वळायला लागणारा जोर मोजला की दाब मॅन्युअलमधील आकड्यात आहे का ते कळते. हे काम सील बदलण्याच्या वेळीच करणे शहाणपणाचे, कारण उघडावे लागणारे भाग तेच असतात.

बॉक्स आवळायचाच असेल तर

वरचे सर्व सांधे निर्दोष ठरल्यावरच बॉक्सला हात लावावा आणि त्याआधी तो मध्यावर आहे याची खात्री करावी. बॉक्सचे दात मध्यावर सर्वांत घट्ट आणि दोन्ही बाजूंना किंचित सैल बसतील असे घडवलेले असतात. चाके सरळ असताना बॉक्स मध्यापासून सरकलेला असेल, तर उत्तम बॉक्समध्येही प्ले जाणवतो. गाडीची उंची वाढवल्यावर स्टिअरिंग व्हील वाकडे दिसू लागते. ते कोणीतरी ड्रॅग लिंक न फिरवता स्प्लाइनवरून (शाफ्टच्या दातेरी टोकावरून) उचलून सरळ बसवले असेल तर हा दोष हमखास आलेला असतो. ड्रॅग लिंक सोडवून व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवत फेरे मोजावेत आणि बरोबर अर्ध्यावर थांबावे. तोच बॉक्सचा मध्य. मग चाके सरळ ठेवून ड्रॅग लिंकची लांबी अशी जुळवावी की ती ओढाताण न करता जागेवर बसेल. पुष्कळदा बॉक्सची तक्रार इथेच मिटते.

एवढे करूनही प्ले राहिला, तर ड्रॉप आर्मच्या शाफ्टची बैठक पाहावी. ड्रॉप आर्म हाताने आडवा हलत असेल आणि शाफ्टच्या सीलमधून तेल गळत असेल, तर शाफ्टचा बुश किंवा बेअरिंग गेलेले आहे. स्क्रू फिरवून ते बरे होणार नाही, बॉक्स उघडावा किंवा बदलावा लागेल. ड्रॉप आर्म काढायचा झाल्यास पुलरच वापरावा, हातोड्याचे ठोके थेट बॉक्सच्या आतील दातांवर आणि बेअरिंगवर पोहोचतात.

बैठक ठीक असेल तर बॉक्स मध्यावर ठेवून लॉकनट सैल करावा आणि स्क्रू एका वेळी फेऱ्याच्या आठव्या भागाएवढाच फिरवावा. बहुतेक बॉक्समध्ये तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की घट्ट होतो, पण मॅन्युअलमध्ये पाहून खात्री करावी. स्क्रू धरून ठेवूनच लॉकनट आवळावा, नाहीतर तोही सोबत फिरतो. प्रत्येक वेळी व्हील दोन्ही टोकांपर्यंत फिरवून कुठे अडखळते का ते पाहावे. मध्यावर झिजलेला बॉक्स मध्यावरचा प्ले पूर्ण जाईपर्यंत आवळला तर बाजूंना जाम होतो. म्हणून थोडा प्ले शिल्लक ठेवणे हेच इथे योग्य. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नसेल तर स्क्रू जास्त आवळला गेला आहे, तो लगेच सैल करावा. अशी गाडी रस्त्यावर नेणे हे ढिल्या स्टिअरिंगपेक्षा धोक्याचे आहे.

उंची वाढवलेल्या गाड्या आणि स्टिअरिंग डॅम्पर

उंच केलेल्या गाडीत सर्व सांधे नवे असूनही ती रस्त्यावर भटकत असेल, तर कॅस्टर कमी झालेला असण्याची शक्यता मोठी. उंची वाढताना एक्सल थोडा फिरतो, किंगपिनचा मागे झुकलेला कोन घटतो आणि चाकांना सरळ राहण्याचा आधार उरत नाही. पाट्यांच्या गाडीत एक्सल आणि पाटा यांच्यामध्ये योग्य दिशेने पाचर घालून, तर भुजांच्या गाडीत मापाच्या किंवा अ‍ॅडजस्ट होणाऱ्या भुजा लावून हा कोन परत मिळवतात. तसे करताना पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या (एक्सलला इंजिनाची ताकद पोहोचवणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचा कोन बिघडत नाही ना, तेही पाहावे लागते. ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड यांचा उतार समांतर नसेल, तर खड्ड्यात एक्सल वर-खाली होताना दोन्ही वेगवेगळ्या कमानींत फिरतात आणि व्हील आपोआप वळते. फक्त ड्रॉप आर्म लांब घेऊन पॅनहार्डचा ब्रॅकेट तसाच ठेवणे ही या बाबतीतली नेहमीची अर्धवट दुरुस्ती होय.

स्टिअरिंग डॅम्पर बदलल्याने प्ले जात नाही. दगडावर आपटल्यावर व्हीलला बसणारा झटका सौम्य करणे हे त्याचे काम. जाडजूड डॅम्पर लावून थरथर थांबली तर ती लपली आहे एवढेच, आणि ती पुन्हा दिसेल तेव्हा सैल भाग आणखी झिजलेला असेल.

शेवटची जुळणी

कोणताही रॉड किंवा एंड सुटला असेल तर टो पुन्हा मोजावा. सॉलिड एक्सलवर घरीही ते जमते: दोन्ही टायरांच्या पुढच्या कडेमधील आणि मागच्या कडेमधील अंतर एकाच उंचीवर, ट्रेडवर खडूने आखलेल्या रेषांपासून मोजावे. पुढचे अंतर मागच्यापेक्षा बहुधा १ ते ३ मिमी कमी असावे लागते. काही कायम फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांना उत्पादकाने उलट किंचित टो-आउट सांगितलेला असतो. स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर मशीनवरच अलाइनमेंट करून घ्यावे.

पहिली चाचणी मोकळ्या जागेत कमी वेगात घ्यावी: दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर किंवा रॉड कुठे घासत नाही हे पाहावे, मग हळूहळू वेग वाढवावा. परत आल्यावर प्ले मोजून आधीच्या आकड्याशी ताडून पाहावा. हात लावलेल्या प्रत्येक नट-बोल्टवर रंगाची एक रेघ ओढून ती शेजारच्या भागावरही न्यावी. पहिल्या खडतर फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला आहे असे समजून तेवढाच पुन्हा टॉर्कवर आणावा, आणि एकच नट दुसऱ्यांदा सुटला तर त्याचे आटे आणि त्याखालचा पत्रा तपासावा.